जाझ संगीत : जन्मकथा व आपल्याकडील वाट

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या विद्यार्थ्यांनी एक जुने चित्रपटगीत बसविले होते. गीत १९५७ सालच्या 'आशा' चित्रपटातील 'ईना मीना डीका'. गावातील बँडपथकाचे दोन वादक, एक ट्रंपेटवाले व एक क्लॅरिनेटवाले, मुलांच्या साथीस हौसेने आले, आणि मंडप डोलू लागला. कार्यक्रम आटोपल्यावर पहिल्या रांगेतील एक वृद्ध पालक आमच्यापाशी येऊन म्हणाले, "गुरुजी, पोरांनी मेहनत घेतली खरी, पण हा साहेबी गोंगाट. यात आपले असे काय आहे?" शेजारी उभी असलेली आठवीतील एक मुलगी चटकन म्हणाली, "पण आजोबा, संगीतकार तर पुणतांब्याचे चितळकर! मग हे गाणे परके कसे?" आजोबा हसले, आम्हीही हसलो. परंतु दोघांचेही प्रश्न रास्त होते आणि आम्हांस त्या क्षणी नीट उत्तर सुचले नाही. ते उत्तर शोधता शोधता जे वाचले व ऐकले ते येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्या गाण्याच्या चालीचे मूळ ज्या संगीतात आहे त्यास जाझ म्हणतात. हा शब्द नेमका कोठून आला याविषयी पंडितांत अद्याप वाद आहे. छापील स्वरूपात तो प्रथम १९१२-१३ च्या सुमारास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील वर्तमानपत्रांत आढळतो, आणि तोही बेसबॉल या खेळाच्या वर्णनात, 'जोम', 'चैतन्य' अशा अर्थाने. संगीतास हे नाव मागाहून चिकटले. संगीत त्याआधीच जन्मले होते. त्याचे जन्मगाव न्यू ऑर्लिन्स.

हे गाव अमेरिकेच्या दक्षिणेस, मिसिसिपी नदी समुद्रास मिळते त्याच्या जवळ वसलेले आहे. १७१८ साली फ्रेंचांनी ते वसविले, पुढे ते स्पॅनिश अमलाखाली गेले, पुन्हा फ्रेंचांकडे आले, आणि १८०३ साली संयुक्त संस्थानांनी सर्व लुइझियाना प्रांताबरोबर ते विकत घेतले. म्हणजे हे गाव एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात राहिले. माणसे मात्र तेथेच राहिली. त्या बाजारात फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रजी, आफ्रिकेतील भाषा आणि या सर्वांची सरमिसळ एकाच वेळी कानी पडे. बेळगावच्या भाजीबाजारात किंवा निपाणीच्या आठवडी बाजारात जो वाढला त्यास हे चित्र फारसे समजावून द्यावे लागणार नाही. आपल्याकडे भाव मराठीत विचारला जातो, उत्तर कानडीत येते, घासाघीस दखनी उर्दूत होते, आणि गोव्याकडून आलेली मावशी मध्येच कोंकणीत दोन शब्द टाकते. अशा ठिकाणी सूरही वेगळे राहत नाहीत.

मात्र एक फरक फार मोठा आहे, आणि तो विसरून जाझची कथा सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. न्यू ऑर्लिन्समध्ये माणसांचा बाजार भरत असे. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांची व त्यांच्या मुलाबाळांची तेथे जनावरांप्रमाणे खरेदी-विक्री चाले. त्या देशातील सर्वांत मोठ्या गुलामबाजारांपैकी तो एक होता. या लोकांची भाषा तुटली, देव तुटले, नावेदेखील धन्याने दिलेली लागली. जे काढून घेता आले नाही ते दोनच: कंठ आणि ताल. न्यू ऑर्लिन्समध्ये रविवारी काँगो स्क्वेअर नावाच्या मैदानात गुलामांना जमण्याची मुभा असे. तेथे ते ढोल वाजवीत, फेर धरून नाचत. आठवड्यातील त्या काही तासांत आफ्रिकेचा ताल अमेरिकेच्या भूमीवर जिवंत राहिला.

कापसाच्या व उसाच्या मळ्यांत, लाकूड तोडताना, रूळ टाकताना ही माणसे श्रमगीते गात. एकाने ओळ म्हणावी, बाकीच्यांनी ती झेलावी, आणि झेलताना कुऱ्हाड किंवा कुदळ एकदम पडावी. आमच्या शेतांतील भलरी, मोटेवरचे गाणे व जात्यावरची ओवी यांचे काम निराळे नव्हते. आपल्या भजनी मंडळात बुवा चरण म्हणतात व टाळकरी तो उचलतात, तीच ही रीत. चर्चमध्ये शिकलेल्या प्रार्थनांनाही त्यांनी आपल्या रीतीने गाऊन नवे रूप दिले. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. पण जमीन नाही, पैसा नाही, आणि गोऱ्यांचा द्वेष तसाच. म्हणून स्वतंत्र झालेला माणूस आता एकट्याने आपले दुःख गाऊ लागला. त्या गाण्यास 'ब्लूज' असे नाव आहे.

ब्लूजपाशी थोडे थांबू, कारण हे कळले की पुढचे अर्धे जाझ कळते. ब्लूजचे आवर्तन बारा घरांचे, प्रत्येक घरात चार मात्रा, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस मात्रा. पाश्चात्य संगीतात एका वेळी अनेक स्वर मिळून वाजवितात. त्या समूहास आपण स्वरमेळ म्हणू. बारा घरांपैकी पहिली चार 'सा'च्या स्वरमेळाची, पाचवे व सहावे 'म'च्या, सातवे व आठवे पुन्हा 'सा'च्या, नववे 'प'च्या, दहावे 'म'च्या, आणि शेवटची दोन परत 'सा'च्या. पेटी घरी असल्यास कोणीही हे वाजवून पाहावे. 'सा ग प', 'म ध सां', 'प नि रें' एवढे तीन मेळ पुरतात. गाण्याची पहिली ओळ चार घरांत बसते, तीच ओळ दुसऱ्या चार घरांत पुन्हा येते, आणि तिसरी ओळ तिचे उत्तर देते. दुःख एकदा सांगायचे, कोणी ऐकले नाही म्हणून पुन्हा सांगायचे, आणि मग त्यावर काहीतरी बोलायचे, कित्येकदा हसतहसतच.

या गाण्यातील गंधार व निषाद मोठे गमतीचे आहेत. ते धड कोमल नसतात, धड शुद्धही नसतात. दोहोंच्या मधल्या कोठल्या तरी श्रुतीवर गाणारा ते ठेवतो, आणि कधी कोमलाकडून शुद्धाकडे मींड घेतल्यासारखा सरकतो. पियानोवर ही जागा सापडत नाही, कारण पियानोला दोन पट्ट्यांच्या मध्ये काही नाही. आपल्या पेटीचे दुखणे तेच. म्हणूनच १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली होती आणि ती कित्येक वर्षे टिकली. ब्लूज गाणाऱ्याला श्रुती हा शब्द ठाऊक नव्हता, पण श्रुती ठाऊक होती.

तालाचीही एक खूण सांगतो. आपण चार मात्रा मोजताना पहिलीवर जोराने टाळी देतो. जाझमध्ये ऐकणारे दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर टाळी देतात. शिवाय एका मात्रेचे दोन भाग करताना ते समान करीत नाहीत. पहिला किंचित लांबवितात, दुसरा आखडतात, त्यामुळे लय चालण्याऐवजी झुलत जाते. वर्गात चार मुलांनी एक-दोन-तीन-चार मोजावे व चार मुलांनी केवळ दोन व चारवर टाळी द्यावी. पाच मिनिटांत अंग आपोआप हलू लागते. आम्ही हा प्रयोग सातवीच्या वर्गात केला आणि शेजारच्या वर्गावरून निरोप आला, एवढे येथे नमूद केले म्हणजे पुरे.

ब्लूजला आणखी दोन प्रवाह येऊन मिळाले. एक 'रॅगटाइम' नावाचे पियानोवादन. त्यात डावा हात कवायतीसारखा ठोके देतो आणि उजवा त्या ठोक्यांच्या आडून, मधूनमधून चुकवीत स्वर टाकतो. स्कॉट जॉप्लिन या कृष्णवर्णीय रचनाकाराचे 'मेपल लीफ रॅग' १८९९ साली प्रसिद्ध झाले. दुसरा प्रवाह बँडपथकांचा. बेळगावकरांस बँड म्हणजे काय हे सांगणे नको. कॅम्पात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे आणि लष्करी बँडची शिस्त व झळाळी आपण पाहिलेली आहे. आपल्याकडे या लष्करी वाद्यांनी छावणीतून गावात प्रवेश केला आणि लग्नाच्या वरातीत मुक्काम ठोकला. न्यू ऑर्लिन्समध्येही कॉर्नेट, ट्राँबोन, क्लॅरिनेट, ढोल ही वाद्ये लष्करी थाटाच्या पथकांतून सामान्य लोकांच्या हाती आली. तेथे एक विलक्षण प्रथा होती. अंत्ययात्रेस बँड असे. स्मशानाकडे जाताना तो अत्यंत विलंबित, गंभीर धून वाजवी. परतताना तोच बँड द्रुत लयीत इतके आनंदाचे वाजवी की गल्लीतील मुले त्यामागे नाचत सुटत. मृताची सुटका झाली, तेव्हा जिवंतांनी रडत का बसावे, असा त्यामागील भाव.

या गावात 'क्रिओल' म्हणून ओळखले जाणारे मिश्र वंशाचे लोक होते. त्यांपैकी पुष्कळजण सुशिक्षित असून फ्रेंच पद्धतीने, स्वरलिपी वाचून वाद्ये शिकलेले होते. काळ्या वस्तीतील वादक मात्र कानाने शिकलेले. दोघांत रोटीबेटी सोडाच, बैठकही नसे. पुढे लुइझियानाने १८९० साली आगगाडीत गोऱ्यांचे व इतरांचे डबे वेगळे करणारा कायदा केला. न्यू ऑर्लिन्सच्याच होमर प्लेसी नावाच्या क्रिओल गृहस्थाने १८९२ साली गोऱ्यांच्या डब्यात बसून त्यास आव्हान दिले; १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्याविरुद्ध दिला. क्रिओल व काळे आता एकाच पारड्यात ढकलले गेले, आणि एकाच पथकात शेजारी बसून वाजवू लागले. वाचणारे बोट आणि ऐकणारा कान एकत्र आले. कायदा अन्यायाचा होता. त्यातून निघालेले संगीत कायदे करणाऱ्यांच्या ध्यानीमनी नव्हते.

या पहिल्या पिढीतील नामांकित वादक बडी बोल्डेन. त्याचा कॉर्नेट फार दूरवर ऐकू येई असे जुने लोक सांगत. १९०७ साली त्यास वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले आणि १९३१ साली तो तेथेच वारला. त्याच्या वादनाची एकही तबकडी आज उपलब्ध नाही. जाझची पहिली तबकडी निघाली ती १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये, आणि ती ज्या पाच वादकांची होती ते पाचही गोरे होते. ज्यांनी संगीत घडविले त्यांचे नाव पहिल्या पानावर आले नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे मुंबईत ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

नाव पहिल्या पानावर नेऊन ठेवले ते लुई आर्मस्ट्राँगने. न्यू ऑर्लिन्सच्या अत्यंत दरिद्री वस्तीत १९०१ साली त्याचा जन्म झाला. नववर्षाच्या आदल्या रात्री पिस्तुलाचा बार काढला म्हणून अकरा वर्षांच्या या मुलास सुधारगृहात धाडण्यात आले, आणि तेथील बँडमध्ये त्याच्या हाती कॉर्नेट आला. १९२२ साली त्याचा गुरू किंग ऑलिव्हर याने त्यास शिकागोस बोलावून घेतले. त्या काळी दक्षिणेतील लक्षावधी कृष्णवर्णीय कुटुंबे कामाच्या व सुरक्षिततेच्या शोधात उत्तरेकडे जात होती. जाझही त्यांच्याबरोबर आगगाडीत बसले. आर्मस्ट्राँगपूर्वी पथकातील सर्व वादक एकदम, एकमेकांच्या भोवती वेल गुंफल्यासारखे वाजवीत. त्याने एकट्या वादकाला पुढे आणले. मूळ धून सर्वांनी एकदा मांडायची, मग तिचे स्वरमेळ आवर्तनाप्रमाणे खाली फिरत राहतात आणि वादक त्यांवर त्या क्षणी सुचेल ते नवे रचीत जातो. आपल्याकडे बंदिश मांडून गवई आलापी-तानांनी राग उलगडतो, आणि तबला ठेका धरून राहतो. सांगाडा पुष्कळसा तोच आहे. फरक असा की आपला गवई एका रागाच्या घरात खोल खोल उतरतो, तर जाझवादकाच्या पायाखालचे घरच दर चार मात्रांनी बदलते. १९२८ सालची 'वेस्ट एंड ब्लूज' ही त्याची तबकडी सव्वातीन मिनिटांची. बालगंधर्व व अब्दुल करीम खाँ यांनाही तबकडीच्या अशाच चिमुकल्या अंगणात मावावे लागले होते. आर्मस्ट्राँग निरर्थक अक्षरे घेऊनही गाई. तराणा ऐकणाऱ्यांना त्यात नवल वाटू नये, आणि 'ईना मीना डीका' गाणाऱ्यांना तर मुळीच नाही.

१९३० नंतरचा काळ मोठ्या नृत्यपथकांचा, 'स्विंग'चा. बारा-पंधरा वादक, लिहून काढलेली रचना, आणि तीत एकट्याने फुलविण्यासाठी राखून ठेवलेल्या जागा. ड्यूक एलिंग्टन व काउंट बेसी यांची पथके या काळात गाजली. एलिंग्टन १९२७ पासून न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कॉटन क्लबमध्ये वाजवी. तेथे वाजविणारे काळे, नाचणारे काळे, पण श्रोता म्हणून प्रवेश केवळ गोऱ्यांना! बिली हॉलिडे या गायिकेने १९३९ साली झुंडीने झाडाला लटकावून मारलेल्या काळ्या माणसांवरील गीत ध्वनिमुद्रित केले, तेव्हा नाचण्यासाठी आलेल्या जगाला प्रथमच खाली बसून ऐकावे लागले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तरुण वादक या नाचाच्या संगीताला कंटाळले. चार्ली पार्कर हा सॅक्सोफोनवादक व डिझी गिलेस्पी हा ट्रंपेटवादक यांनी रात्री उशिरा हार्लेममधील छोट्या जागांतून 'बीबॉप' नावाची नवी चाल घडविली. लय अतिद्रुत, स्वरमेळ गुंतागुंतीचे, नाचणे अशक्य. श्रोत्यांनी कान द्यावा, पाय नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. पार्कर १९५५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला. त्यानंतर माइल्स डेव्हिसने उलट दिशा धरली. १९५९ सालच्या 'काइंड ऑफ ब्लू' या तबकडीत त्याने स्वरमेळांची गर्दी काढून टाकली आणि एकेका स्वरसप्तकावर बराच वेळ थांबून वाजविले. आपल्या रागसंगीताशी ओळख असलेल्याने जाझ ऐकण्यास आरंभ करावयाचा तर येथून करावा, असे आमचे मत आहे. त्याच वर्षी डेव्ह ब्रुबेकच्या पथकाने 'टेक फाइव्ह' ही पाच मात्रांची रचना वाजविली आणि चार मात्रांना सरावलेले पाश्चात्य श्रोते थक्क झाले. आमचा झपताल दहा मात्रांचा, दोन-तीन दोन-तीन असा. त्यामुळे आम्हांस त्या पाचांचे कौतुक वाटले तरी भीती वाटली नाही. पुढे ऑर्नेट कोलमन आदींनी ठरलेले स्वरमेळही टाकून दिले व 'मुक्त जाझ' निर्माण केले. ते आमच्या कानांस अद्याप पेलत नाही, हे प्रांजळपणे सांगतो. जॉन कोल्ट्रेनने १९६१ मध्ये 'इंडिया' नावाची रचना वाजविली आणि १९६५ साली जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव पंडित रविशंकरांवरून रवी ठेवले. १९७० च्या आगेमागे विजेची वाद्ये आली, रॉक संगीताशी मिश्रण झाले, आणि जाझच्या इतक्या शाखा फुटल्या की त्या सर्व मोजण्यास हा अंक पुरणार नाही.

आता आपल्याकडे वळू. १९३५ साली लिऑन ॲबी या व्हायोलिनवादकाचे कृष्णवर्णीय जाझपथक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागले. त्यामागून क्रिकेट स्मिथ हा ट्रंपेटवादक व टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आले. स्वदेशात ज्यांना पुढच्या दाराने हॉटेलात शिरता येत नसे त्यांना मुंबईत मानाने वागविले जाई. मात्र ताजच्या त्या नृत्यगृहातही श्रोते संस्थानिक, साहेब व धनिक असत, मिलमजूर नव्हे. वेदरफर्ड पुढे कलकत्त्यास गेला आणि १९४५ साली पटकीने तेथेच वारला.

या परदेशी वादकांच्या शेजारी बसून जे शिकले ते गोव्याचे तरुण होते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना लहानपणीच स्वरलिपी वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. उपाध्यायास तेथे 'मेस्त्र' म्हणत, आणि सूर चुकला तर छडी बसे असे सांगतात. उद्देश चर्चमधील प्रार्थनासंगीताचा; पण विद्या एकदा हाती आली की ती कोठे जाईल हे मेस्त्रालाही सांगता येत नाही. गोव्यात पोट भरेना, म्हणून ही मुले मुंबईची वाट धरीत. त्या काळी मार्ग दोन: आगबोट, किंवा कॅसलरॉक, लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे अशी आगगाडी. आपल्या स्टेशनावर पहाटे चहा पिऊन, व्हायोलिनची किंवा ट्रंपेटची पेटी मांडीवर घेऊन किती वादक पुढे गेले असतील त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

त्यांपैकी एक अंतोनियो शाव्हिएर वाझ, बार्देशातील हळदोण्याचा. जन्म १९१६. मुंबईने त्यास 'चिक चॉकलेट' या नावाने ओळखले आणि भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हटले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, नृत्यगृहांची रया गेली, आणि हे वादक मोठ्या संख्येने चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. तेथे त्यांची गाठ पडली रामचंद्र नरहर चितळकर यांच्याशी, म्हणजेच सी. रामचंद्र यांच्याशी. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा जन्म, विनायकबुवा पटवर्धनांकडे घेतलेले शिक्षण, आणि कान मात्र चारी दिशांना उघडा. १९४७ च्या 'शहनाई'पासून त्यांनी पाश्चात्य तालाची गाणी दिली. १९५१ साली भगवानदादा पालव यांच्या 'अलबेला'त तर ट्रंपेट, सॅक्सोफोन व बोंगो यांनी धमाल उडविली आणि चिक चॉकलेट व त्याचे साथीदार पडद्यावरही झळकले. त्याच संगीतकाराने १९५३ मध्ये 'अनारकली'ची रागदारी अंगाची गाणी केली आणि १९६३ च्या जानेवारीत चीनच्या युद्धातील हुतात्म्यांसाठी दिल्लीत लताबाईंनी गायिलेले गीतही त्यांचेच. 'ईना मीना डीका'विषयी अशी कथा सांगतात की अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या चकण्याच्या अक्षरांवरून ते सुचले आणि पुढची काही अक्षरे गोमंतकीय साहाय्यक जॉन गोमीस यांनी आपल्या कोंकणीतून घातली. म्हणजे त्या धुमाकुळात न्यू ऑर्लिन्सचा ताल, पुणतांब्याची चाल आणि गोव्याची बोली एकत्र नांदत आहेत.

येथे तो पहिल्या पानाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. त्या काळच्या पुष्कळ संगीतकारांना पाश्चात्य स्वरलिपी येत नसे. ते चाल गाऊन दाखवीत. गोमंतकीय वाद्यसंयोजक ती ऐकून पन्नास-साठ वादकांसाठी वेगवेगळे कागद लिहीत: व्हायोलिनांनी कोठे उठावे, क्लॅरिनेटने कोणते उत्तर द्यावे, दोन कडव्यांमधील संगीत काय असावे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतील विशाल वाद्यमेळामागे सेबास्तियन डिसोझा यांची लेखणी होती. फ्रँक फर्नांड यांनी हेच काम वर्षानुवर्षे केले व पुढे १९६३ मध्ये 'आमचें नशीब' हा कोंकणी चित्रपट काढला. ॲन्थनी गोन्साल्विस यांनी व्हायोलिन शिकविलेल्या प्यारेलालने १९७७ साली गुरूचे नाव एका धमाल गाण्यात गोवले. ते नाव देशातील पोराटोरांच्या तोंडी झाले, पण या नावाचा माणूस मजोर्ड्यात हयात आहे हे कितीजणांस ठाऊक होते? २०१२ साली ते वारले. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत या मंडळींची नावे क्वचित येत, आली तर 'साहाय्यक' म्हणून. आम्ही शाळेत निबंध लिहून देणाऱ्यास व निबंधावर नाव घालणाऱ्यास एकाच मापाने शिक्षा करतो. तेथे मात्र ही रीतच होती. त्या आजोबांना आमचे म्हणणे इतकेच की यात आपले पुष्कळ आहे, फक्त ज्यांच्या हातून ते आपले झाले त्यांची नावे आपण विचारली नाहीत.

नंतरच्या काळात मोठे जाझवादक स्वतः येथे आले. डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये आले आणि मुंबईत सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर त्यांनी वाजविले. एलिंग्टन १९६३ मध्ये, आर्मस्ट्राँग १९६४ मध्ये मुंबईत येऊन गेले. सॉनी रॉलिन्स हा सॅक्सोफोनवादक तर १९६७-६८ च्या सुमारास पवईच्या आश्रमात साधना करण्यासाठी राहिला. १९७८ पासून निरंजन जव्हेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत 'जाझ यात्रा' भरू लागली. तीत गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर रागांचे स्वर घेऊन वाजविले.

आणि आता एक गोष्ट, जी शोधता शोधता आम्हांसही नव्याने कळली. १९२५ सालच्या ८ फेब्रुवारीस आपल्या बेळगावात भानुमती शिरोडकर नावाच्या मुलीचा जन्म झाला. आई मेनकाबाई नर्तकी, व अल्लादिया खाँसाहेबांच्या परंपरेतील गाणे शिकलेल्या. मुलीला तालीम मिळाली ती कोल्हापुरात खाँसाहेबांचे धाकटे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडे. ठुमरी-दादऱ्याच्या क्षेत्रात हीच मुलगी शोभा गुर्टू म्हणून विख्यात झाली. २००२ साली पद्मभूषण मिळाले व २००४ साली त्या निवर्तल्या. त्यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू, जन्म १९५१, मुंबई. हे तबल्यावर वाढले, पण पुढे त्यांनी तबला, पाश्चात्य ड्रम आणि पाण्याने भरलेली बादलीसुद्धा एकत्र मांडून स्वतःची वादनशैली घडविली, आणि युरोपात जाऊन जाझमधील अग्रगण्य तालवाद्यवादकांत स्थान मिळविले. मुक्त जाझचे अध्वर्यू डॉन चेरी यांच्याबरोबर ते वाजवीत, जॉन मॅक्लाफ्लिन यांच्या त्रयीतही होते. १९८८ साली त्यांची स्वतःची 'उस्फ्रेत' ही तबकडी निघाली. तीत डॉन चेरींचा ट्रंपेट आहे, आणि त्यांच्या आईचा कंठही आहे.

आम्ही ती ध्वनिफीत शाळेच्या संगणककक्षात लावली तेव्हा ती आठवीतील मुलगी, आता नववीत गेलेली, डोळे मिटून दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर टाळी देण्याचा प्रयत्न करीत होती. जमत नव्हते, कारण त्रिलोक गुर्टूंची मात्रा तिच्या अंदाजापेक्षा निराळ्याच ठिकाणी पडत होती. शोभाताईंचा आवाज सुरू झाला तेव्हा तिने टाळी थांबविली. आजोबांनाही बोलावले होते, ते उशिरा आले आणि म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून लावा."